आबांच्या घोंगड्यातला बिल्ला

सोनाली,

कारखान्यात तुझा फोन जमा असतोय, म्हणून लिहून ठेवतोय. सकाळी आबा कुटं तरी निघून गेले हुते. सापडले. पाय तेवढा मुरगळलाय, त्यांना दवाखान्यात घेऊन चाललोय.

मेंढरू कुटं हाय ते फोनवर दावणारा, मेंढरांच्या गळ्यातला एक बिल्ला तू आबांच्या घोंगड्यात शिवलास, तवा मी लई भडकलो हुतो. "माझा बाप काय मेंढरू हाय व्हय?" म्हणालो. आज आबा ओढ्यापलीकडं बसले हुते. तितं रेंज न्हाय. आपली म्हातारी मेंढी चांदी त्यांच्या मागं गेली आन् पाणी बघून अलीकडंच थांबली. बिल्ले एकमेकांशी बोलत्यात, हे तूच सांगितलं हुतंस. आबांच्या बिल्ल्यानं चांदीच्या बिल्ल्याला सांगितलं, तिच्यानं कळपाला, आन् कळपाकडनं माझ्या फोनला कळलं.

आबांनी मला वळखलं न्हाय. "आमच्या चांदीला पाणी दाव," म्हणाले.

व्यापारी आला तर सांग, चांदी विकायची न्हाय.

घोंगड्याची शिवण उसवलीया. बिल्ला फडताळात ठेवलाय. परत तूच शिव, तुझ्या हातचं टिकतंय.

बिरुदेव