त्या मुलीला दाखवायचा फोटो

काकू,

मला दत्तक घेताना माझी संमती कोणी विचारली नाही, म्हणून एका सहा वर्षांच्या अनोळखी मुलीचा मला वाटणारा मत्सर न्याय्य आहे, एवढेच मला या पत्रात सिद्ध करायचे आहे. प्रतिवाद करायला तुम्ही हयात नाही, हे मला सोयीचे आहे, हेही नमूद करतो.

मी सध्या दुबईत मुलाकडे आलो आहे. नात मोठी होत आली, आता त्याला आणि सुनेला एक मूल दत्तक घ्यायचे आहे. ती मुलगी भारतातल्या एका संस्थेत आहे. तिला या घराच्या फोटोंचा अल्बम दाखवतील, माणसे ओळखीची झाली की विचारतील, "यांच्याकडे जाशील का?" ती नाही म्हणाली, तर विषय तिथेच संपेल. त्यामुळे सुनेला दुसरे काही सुचत नाही. जुमेरा लेक टॉवर्समधल्या घरात काढलेले फोटो तिला ऑफिसच्या ब्रोशरसारखे वाटले, म्हणून सुट्टीला आम्ही डोंगरातल्या हत्ता गावी आलो आणि इथला एक फोटोग्राफर ठरवला. मागे तपकिरी डोंगर, पुढे तलाव, सगळ्यांचे कपडे एकमेकांना साजेसे. एका मुलीच्या पसंतीला उतरावे म्हणून अख्खे घर नटले होते. माझ्यासाठी कोणी नटले नव्हते. माझी पत्रिका पाहिली गेली, दात पाहिले गेले, माझ्याकडून पाढे म्हणवून घेतले गेले. मग होमापुढे एका मांडीवरून उचलून मला तुमच्या मांडीवर ठेवले. परीक्षा द्यायची होती ती मी. निवड करायची होती ती इतरांनी.

"अंकलजी, थोडा स्माइल! यल्ला, चलो!" फोटोग्राफर ओरडतो.

"हा एकतर्फी पुरावा आहे," मी मुलाला म्हणतो. "आपले घर असे कधीही दिसत नाही."

"बाबा, तुमचा तर्कशास्त्राचा वर्ग नाहीये हा. प्लीज."

नात माझ्याकडे वळून पाहते. "आजोबा, यू लुक सो अँग्री! शी विल से नो."

सुनेने घाईघाईने डोंगराकडे तोंड फिरवले. आणि खरे सांगतो काकू, क्षणभर मला वाटले, म्हणू दे तिला नाही. तिला म्हणता तरी येते.

संध्याकाळी सून लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. प्रत्येकाच्या फोटोखाली एक ओळ हवी होती. संस्थेतल्या ताई ती ओळ मुलीला वाचून दाखवणार होत्या.

"बाबा, तुमच्याखाली काय लिहू? 'लाडके आजोबा'?"

"खोटे लिहू नकोस. लिही, 'नाही म्हणालीस तरी कोणी रागावणार नाही.'"

तिची बोटे थांबली. "आणि ती खरंच नाही म्हणाली तर?"

"तर रागवायचे नाही."

तिने डोळे पुसले आणि ती ओळ जशीच्या तशी लिहिली.

खोलीत येऊन चष्मा काढून ठेवला, तेव्हा जाणवले की ते वाक्य माझे नाही. माझ्या दत्तविधानाची सकाळ आहे. बाहेर भटजींची मांडामांड चालली आहे, आणि स्वयंपाकघरात तुम्ही पुरण वाटता आहात. हात न थांबवता, माझ्याकडे न पाहता तुम्ही विचारता, "राहशील ना रे माझ्याजवळ? नाही म्हणालास तरी कोणी रागावणार नाही. बाहेरच्यांचं मी बघते." मी पाटावर बसलेला, पुरणाकडे बघत म्हणतो, "राहीन."

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. पण ज्याने आयुष्यभर मुलांना आधारविधान तपासायला शिकवले, त्याने स्वतःचे तसेच सोडून देणे योग्य नव्हे. मला कोणी विचारले नाही, हे माझे विधान चुकीचे आहे. मत्सर अजून शिल्लक आहे. त्याला आधार मात्र उरलेला नाही. ही चूक मान्य असल्याची सही खाली करतो.

तुमचा मुलगा