न्यायला कोणी येईना

२६ एप्रिल १९४१, ब्राह्मणपुरी
लेखी संपली. व्यायामशिक्षिकेच्या परीक्षेतलं आता प्रात्यक्षिक तेवढं राहिलं. १२ मे, पुण्याला. मध्ये आखाजी, अक्षय्य तृतीयेला लेकींनी माहेरी जायचं, म्हणून आले. दादा दोंडाईचा स्टेशनावर छकडा घेऊन उभा. नावेवर छकडा चढवून तापी उतरली की सारंगखेडा, माझं सासर. म्हटलं, पाया पडून येते. दादा म्हणे, "उतरनी का जेवाडतीन, मंग संध्याकाय व्हयी जाई." वेशीबाहेरूनच बैल हाकले. मीही आग्रह धरला नाही. खोटं कशाला लिहू, मायच्या हातचं खायची घाई झाली होती.

२९ एप्रिल
आखाजी. उभ्याने झोका चढवला, पोरी किंचाळल्या. मग कोठीघराचं दार लावून चाळीस बैठका.
प्रात्यक्षिकात तीस मुलींना हुकूम द्यायचे आहेत. कॉलेजातल्या बाई सांगतात, आवाज बेंबीपासून काढा. इथे एकदा "सावधान" म्हटलं तर माय धावत आली. "हयू बोल व माय, लोके आयकतीन!" कुजबुजून कवायत घेऊ का?

२ मे
आखाजी झाली की सासरचं माणूस न्यायला येतं. शेजारच्या तिघी गेल्या. मला कोणी येईना. का, ते आज कळलं. त्या दिवशी आमचा छकडा कोणीतरी पाहिला. सून दारावरून गेली, घोटभर पाण्यालाही उतरली नाही, म्हणून मामंजी भडकलेत. चूक माझीच. पण दहा दिवस उरले.
बापाला म्हटलं, मग तूच मला पुण्याच्या गाडीत बसव. "लेवाले कोनी नयी उनं आनि मी पोर धाडू? लोके म्हंतीन, पोर नांदत नयी." 
यांना धुळ्याला पत्र टाकलं. हे मास्तर आहेत, मला शिकायला पाठवलं ते यांनीच.

५ मे
यांचं पत्र. 'बाबांचा राग निवू दे. यंदा नाही तर पुढच्या वर्षी बस.' पुढच्या वर्षी! एका वर्षाची परवानगी मिळवताना यांच्या नाकी नऊ आले होते. दुसरं वर्ष कोण देतंय? आधी राग आला, मग रडू. शंभर बैठका काढल्या, मांड्या थरथरल्या तरी थांबले नाही. असं करू नये, हे मुलींना शिकवायचं म्हणून आम्हाला शिकवलंय.

७ मे, सारंगखेडा
एकदाचे धाकटे दीर आले. जीव भांड्यात पडला. तापीचं पात्र दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, पुनं-बिनं आते ऱ्हाऊ द्या. बाबानी तुमले घरच लयाले सांगेल शे."
मामंजी ओसरीवर. पाया पडले, चुकले म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही. "दारवरतीन गयी ना? आते दारमाच ऱ्हाय."
ट्रंक आतल्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली मामंजींच्या करगोट्याला. कवायतीचे कपडे, वह्या, सगळं आत. परतीचं तिकीट तेवढं पदराच्या गाठीत होतं म्हणून वाचलं.

८ मे
दिवसभर घरकाम. कोणी टाकून बोलत नाही; बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं.
यांना तार करा म्हटलं. दीर म्हणाले, करतो. केली नसणार.

९ मे
उद्या दुपारची गाडी चुकली की परीक्षा बुडाली. पलीकडच्या काठावरून दोंडाईचा पाच कोस. तेवढं मी चालेन. पण नावाड्याला मामंजींचा निरोप गेलाय, त्यांना न विचारता सुनेला पलीकडे न्यायचं नाही.
सकाळी पाण्याला गेले. हंडा वाळूत ठेवला आणि पाण्यात शिरले. गुडघे बुडाले, मग मांड्या. तेवढ्यात बाया आल्या, मागे फिरले. भीती पाण्याची नव्हती. पुन्हा या घरात, माहेरीसुद्धा, घेतील का, याची होती.
सासूबाई भाकरी थापत होत्या. माझं ओलं लुगडं पाहिलं. भाकरी उलटली, फुगू दिली. मग तव्याकडे बघतच हळूच म्हणाल्या, "सकायले पानीले तूच जाय. नदीना मझार बी पानी कंबरलगूनच शे. मी बी मोजेल शे."