समासातले तीन प्रश्न

कामतघर, भिवंडी
१० फेब्रुवारी २००७

प्रिय ऋतिका,

तुझा खोकला थांबला का? तुझ्या खोलीतली रूपा बरी आहे ना, की मेसच्या जेवणानं अजून पोट धरून बसते? इकडे तुझ्या आत्याचं, आमच्या आक्काचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ओटीवर ऐटीत बसते. माझी कंबर तेवढी जुन्या लूमसारखी खडखडते.

दिवाळीत तू विसरून गेलेली ती फ्रेंच कादंबरी, मराठीतली, मी दोनदा वाचली. पहिल्यांदा नुसती गोष्ट म्हणून. नवरा मला देवमाणूस वाटला. दुसऱ्यांदा तुझ्या पेन्सिलीच्या खुणा धरून वाचली, आणि मनात पाल चुकचुकली. समासात तू 'स्त्रीवादी' असं लिहून पुढे विचारलंयस, 'हे सांगतंय कोण? ती का नाही?' 'मार्क्सवादी' लिहून, 'शेत कोणाच्या नावावर?' आणि 'मानसशास्त्र' लिहून, 'नेमकं हेच तो का विसरतो?' पोरी, त्या देवमाणसानं दुसऱ्याच प्रकरणात बायकोचं शेत गिळलं होतं, आणि मला पत्ता नाही! रद्दीच्या कागदांवर अक्षरं गिरवून शिकलेला माणूस मी. छापलंय म्हणजे खरंच, असं धरून चालायचो.

आता ती खोड घरातही लागलीय. परवा तुझा भाऊ भाविक पेढे घेऊन आला. मानकोलीच्या जमिनीवर, जिच्यात तुझाही वाटा आहे, गोदाम उठतंय, पंचवीस तारखेला, रविवारी, सत्यनारायण आहे. म्हणाला, "काका, ऋतूला तुम्हीच लिवा, तुमचा शब्द ती मोडत न्हाय. शुक्रवारीच गाडी पाठवतो, पैठणी आणून ठेवलीय." तुझा बाप, माझा भाऊ बाळाराम, गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून भाविकनं तुझी साधी चौकशी केलेली मला आठवत नाही. आणि पूजा रविवारी, तर तुला शुक्रवारीच कशाला बोलावतोय? शुक्रवारी रजिस्ट्रेशनची कचेरी उघडी असते. फोन त्याच्याच घरात आहे, म्हणून हे पत्र.

म्हणशील, काका एवढे संशयी कधीपासून झाले? तुझा तिसरा प्रश्न मला लागलाय गं. एकतीस वर्षांपूर्वी त्याच कचेरीत मी आक्काला नेलं होतं. आपल्यात बहिणीला साडी नेसवून, गोडधोड घालून हक्कसोड, म्हणजे जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद, करून घेतात, तसं. अंगठा देण्याआधी तिनं विचारलं, "रामा, काय लिवलंय रं?" घरात वाचता येणारा मी एकटा. म्हणालो, "काय न्हाय, नावं लावायची हायत." काल ओटीवर बसून तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मना ठावं होतं. तू वाचून दावशील म्हनून थांबलेली."

म्हणून भाविकनं सांगितलेलं पत्र मी लिहीत नाही, हे लिहितोय. शुक्रवारी येऊ नकोस. रविवारी ये, प्रसाद घे, पैठणी आवडली तर खुशाल नेस. तुझ्यापुढे कुणी कागद ठेवलाच, तर पेन्सिल काढ आणि तुझे तिन्ही प्रश्न त्याच्या समासात लिही. सही करायची की नाही, ते तुझं तू ठरव. पण कागद आधी मोठ्यानं वाच, ओटीवर बसलेल्या आक्काला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. गाडी निघायच्या आत तुझ्या दोन ओळी माझ्या हातात पडू देत, वाट बघतोय.

तुझाच,
रामनाथकाका