माजी माणसं

५ नोव्हेंबर

ती. स्व. ताईस,
टिल्लूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला रडू फुटतं, म्हणून लिहितोय. आमचे मालक गेले, हे तुला पेपरातून कळलंच असेल. फोटो कुठला छापलाय बघ, पंचाच्या अंगावर छत्री घेऊन धावताना. खाली मजकूर, 'वादग्रस्त फुटबॉल संघमालकाचे निधन'. आता ज्याला स्वतःच्याच मैदानात यायला बंदी झाली आणि ज्यानं शेजारच्या गच्चीवर खुर्ची टाकून सामने पाहिले, त्याला दुसरं काय म्हणणार म्हणा. पण मैदान राखणाऱ्या काकांचे गुडघे कुणी बदलून दिले, ते एकानंही छापलं नाही.

माझी अवस्था विचारू नकोस. आम्ही हरलो की मालक कर्ण्यावरून मला कामावरून काढायचे, हे तुला ठाऊकच आहे. सगळ्या प्रेक्षकांसमोर, माझ्या उंचीचा उद्धार करून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही घडलंच नाही अशा थाटात फोन करून विचारायचे की, गोलकीपरला बूट चावतायत का. तो फोन आला की मी परत प्रशिक्षक. तुझी भावजय तर फोन वाजल्याशिवाय माझा डबाच भरायची नाही.

गेल्या रविवारी हरलो. मालकांनी रीतसर काढलं. संध्याकाळी त्यांच्या छातीत दुखू लागलं म्हणून दवाखान्यात नेलं. मी, काका आणि अख्खा संघ खोलीच्या दाराशी उभे. रखवालदार आत विचारायला गेला आणि बाहेर येऊन म्हणाला की, साहेब म्हणतात, ती माजी माणसं आहेत. आणि त्यानं दार लावून घेतलं. पहाटे मालक गेले. सकाळचा फोन आलाच नाही.

आता शोकसभेचा फलक रंगवणारा पेंटर माझ्या मागे लागलाय की, तुमच्या नावापुढे 'प्रशिक्षक' लिहू की 'माजी प्रशिक्षक'. मी त्याला रोज उद्या ये म्हणून वाटेला लावतो. नोकरीचं मला काही नाही गं, पोटापुरतं कुठेही मिळेल. पण जाता जाता त्या माणसानं मला खरोखरच तोडलं असेल, तर मला ते सोसायचं नाही. घास गिळवत नाही.

तुझा लोभ आहेच, तो तूर्त दुप्पट करावा.

तुझा
टिल्लू

९ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

आधी जेव. रडत जेवलास तरी चालेल.

तू लहानपणापासून बावळट आहेस, पण इतका असशील असं वाटलं नव्हतं. अरे, त्या माणसाला जन्मात कधी झ म्हणता आला होता का? मी तुमच्या अंतिम सामन्याला आले होते, ते आठव. मालकांनी मला शेजारी बसवलं आणि आपल्या गोलकीपरला सारखे ओरडत राहिले, "जेल, जेल." त्यांना म्हणायचं होतं झेल. पाहुण्या संघाला वाटलं, हा आपल्याला तुरुंगात टाकायची धमकी देतोय. त्यावरून तर चौकशी बसली आणि बंदी आली. चौकशीत यांनी काय खुलासा केला, तर म्हणे, मी जेल म्हणालोच नाही, मी जेल म्हणालो.

मी पहिलीच्या वर्गाची बाई. मला राहवलं नाही. मी त्यांना म्हणाले की, झ म्हणा, झबल्याचा. त्यांनी जीव तोडून म्हटलं, ज, जबल्याचा. मग दोघंही इतके हसलो की आपण गोल केला तोच आमचा बघायचा राहिला.

तुझ्या कानांना इतक्या वर्षांत सवय झाली. ते 'माजी पोरं' म्हणाले तरी तुला 'माझी'च ऐकू यायचं. पण या वेळी निरोप आला तो रखवालदाराच्या शुद्ध तोंडून. कळलं का काही? ऊठ, तोंड धू आणि त्या रखवालदाराला जाऊन गाठ.

भावजयीला म्हणावं, डबा भर. तुझ्यावर माझा जीव आहे, पण तो असा पणाला लावत जाऊ नकोस.

तुझी
ताई

२३ नोव्हेंबर

ती. स्व. ताईस,
बावळटाचा शि. सा. न. वि. वि.

रखवालदाराला गाठलं. त्याला बिचाऱ्याला सगळं लख्ख आठवत होतं. साहेबांचं वाक्य पुढेही होतं म्हणाला. ती माजी माणसं आहेत, त्यांना चहा पाजा आणि आत पाठवा. मग आम्हाला का नाही पाठवलंस, असं मी विचारलं. तर त्याला वाटलं, माजी माणसांना कुणी चहा पाजतं का, साहेब तापात बरळत असणार. मी त्याला मिठी मारली. तो घाबरला. मग आम्ही दोघं तो चहा प्यायलो, आणि पैसे त्यानंच दिले.

शोकसभेत पंच बोलले, तेच ते छत्रीवाले. मालकांनी त्यांना चिडून चष्मा पाठवला होता. यांनी रागारागानं डोळे तपासले, तर एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला. मालकांना कळल्यावर त्यांनीच शस्त्रक्रिया करून दिली, आणि पुढच्याच सामन्यात पुन्हा आंधळा म्हणाले. पंच हे सांगताना हुंदके देत होते. फलकावर मी 'प्रशिक्षक' होतो. बोलायला उभा राहिलो, 'आमचे मालक' एवढंच म्हणून खाली बसलो. काकांनी नव्या गुडघ्यांनी तुरुतुरु येऊन पाणी दिलं.

काल मालकांच्या माघारी पहिला सामना झाला. दणकून हरलो. मी सवयीनं पिशवी भरून कपडे बदलायच्या खोलीत बसून राहिलो. पोरंही कान टवकारून बसली होती. कर्णा वाजलाच नाही. मालकांची लेक आत आली आणि अगदी अदबीनं म्हणाली की, सर, चांगले खेळलात. मुलगी गुणी आहे गं, पण मला कुणी काढलंच नाही. मालक खरंच गेले, हे मला तेव्हा कळलं. पोरांसमोर ढसाढसा रडलो. आज सकाळपासून घरातच आहे, मैदानाकडे पाय वळत नाहीत.

तुझं लक्ष राहू दे, इतकंच.

तुझा
टिल्लू

२७ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

तुझ्या संघाची बचाव फळी म्हणजे नुसती धर्मशाळा आहे, कुणीही यावं नि जावं. गोलकीपर झोपा काढतो. आणि तू बाकापाशी उभा आहेस की बसला आहेस, तेही लांबून कळत नाही. हे सगळं लक्षात घेऊन, वडीलकीच्या नात्यानं, मी तुला कामावरून काढत आहे. हे पत्र घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन करीन. गोलकीपरच्या बुटांचं काय ते नीट बघून ठेव.

तुझी
ताई