देवांच्या जागी शेगडी

श्रूजबरी,
६ ऑक्टोबर

चि. सौ. सुलेखा हिस,
वहिनीचे अ. आ.

फोन न करता पत्रच लिहिते आहे. फोनवर तू मध्ये बोलतेस, आणि आज मला कुणी मध्ये बोललेलं चालणार नाही.

तुझा लाडका भाचा तुझ्याच गावात राहतो, तेव्हा तुला कळलंच असेल. हिवाळा संपला की हे घर विकायचं आणि मला तिकडे ओहायोत, डब्लिनला त्याच्या तळघरात नेऊन ठेवायचं, असं नकुलने ठरवलं आहे. स्वतंत्र बाथरूम आहे म्हणतो. तळघरात बटाटे ठेवतात, सुलेखा, आई नाही.

कारण काय, तर मागच्या जानेवारीतलं बर्फाचं वादळ. वीज गेली, घर गारठलं आणि मी दोन कोट घालून सोफ्यावर बसून राहिले. शेवटी शेजारच्या नीनाने मला ओढून तिच्या घरी नेलं. गॅरेजमध्ये लाकडं होती, समोर फायरप्लेस होती, मग पेटवली का नाहीस, म्हणून नकुल तेव्हा केवढा ओरडला! अगं, फायरप्लेसमध्ये देव आहेत. घर घेतलं तेव्हा तुझे दादाच म्हणाले होते की हा तर आयता देव्हारा. आणि तेव्हा नागपूरच्या चुलतघरातल्या श्रीरंगभाऊजींचं सुतक होतं. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी मला काटा-चमचा धरायला शिकवलं, पण सुतकात देव हलवायला काही शिकवलं नाही. नकुल म्हणतो, याच हट्टापायी एक दिवस जीव जाईल तुझा.

म्हणून मी उपाय शोधला. इन्सर्ट. म्हणजे फायरप्लेसच्या पोकळीत बसणारी, काचेच्या दाराची लोखंडी शेगडी. लाकूड थोडं लागतं, ऊब सगळ्या खोलीत पसरते, धूर पोलादी नळीतून थेट छपराबाहेर. दुकानातल्या माणसाने आधी विचारलं, तुमचा मुलगा कधी येणार आहे? मी म्हटलं, मुलगा ओहायोत आहे, पैसे इथे आहेत. मग त्याने भिंतीशी सपाट बसणारी एक सुंदर शेगडी दाखवली. तिची ऊब बाहेर यायला पंखा लागतो. वीज गेल्यावर उपयोगी पडायची वस्तू, आणि तिचा पंखा विजेवर! नकुलची सूचना त्याहून थोर. भुशाच्या गोळ्यांवर चालणारं यंत्र घे म्हणे. त्या गोळ्या आत ढकलायलाही वीजच.

मग तो माणूस सगळ्यात मोठीवर आला. मोठी शेगडी लहान खोलीत दाबून दाबून जाळावी लागते आणि धुरांड्यात काजळी धरते, हे मी घरूनच वाचून गेले होते. मी लहानच घेतली. ती पोकळीतून थोडी पुढे येते, म्हणून पंख्यावाचून तापते, आणि पुढच्या कठड्यावर चहाचं भांडं राहतं. चहासाठी शेगडी घेणारी मी पहिलीच म्हणे.

नकुलची अट ऐक. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत येऊन तो स्वतः मेन स्विच बंद करणार. घर उबदार राहिलं तर विकायचं नाव काढणार नाही. नाहीतर मी आणि बटाटे.

लोभ आहेच, या खेपेला तो माझ्या बाजूने असू दे.
पद्मिनीवहिनी


डब्लिन,
१७ ऑक्टोबर

ती. पद्मिनीवहिनीस,
सुलेखाचा सा. न. वि. वि.

मी कुणाच्याच बाजूची नाही. रविवारी नकुल आला, चार थालीपिठं खाल्ली आणि तुझ्याबद्दल तक्रार करत बसला. पण वहिनी, एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. जानेवारीत तुझा फोन लागत नव्हता, तेव्हा हा माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून रडला होता. ओरडतो तो घाबरून. घराण्याचीच सवय आहे, तुझ्याकडून घेतलेली.

शेगडी चांगली निवडलीस. पण देव कुठे बसवणार? फ्रिजवर ठेवू नकोस म्हणजे झालं. तुझी समई कधी फडफडत नाही, वहिनीच्या मनासारखी स्थिर असते, असं दादा आल्यागेल्याला सांगायचा. जागा बदलल्यावर ती फडफडली तर मला दोष देऊ नकोस.

आणि अंगावर जाड काहीतरी घेत जा. आईची गोधडी मी भारतातून मांडीवर ठेवून तुमच्यासाठी आणली होती, ती असती तर शेगडीचीही गरज पडली नसती. पण ती तू दानपेटीत टाकलीस. मी विसरलेली नाही, पण माफ केलं आहे.

राग आला तर तोही पत्रानेच कळव.
तुझी नणंद,
सुलेखा


श्रूजबरी,
९ नोव्हेंबर

चि. सौ. सुलेखा हिस,

आशीर्वाद शेवटी. आधी तू माझी माफी माग.

शेगडी बसवण्याआधी धुरांडं साफ करून तपासावं लागतं. मी सकाळी आंघोळ करून देव काचेच्या भांड्यांच्या कपाटात हलवले, त्यांची क्षमा मागितली. धुरांडं साफ करायला एक तरुण मुलगी आली होती. तिने आत डोकं घातलं, हात वर घातला, ओढलं. आधी काड्या पडल्या, मग धूळ, मग एक भलंमोठं गाठोडं. माझ्याच जुन्या परकराच्या नाडीने बांधलेलं. सोडलं तर आत हिरवं इरकली लुगडं, त्यावर धावदोरा. तुझ्या आईची गोधडी! दानपेटीत म्हणे!

कुणी कोंबली ते गाठीवरूनच ओळखलं. तशी गाठ एकच माणूस मारायचा. या घरातल्या पहिल्या दिवाळीला धुरांड्यातून वारा येऊन समई सारखी विझत होती आणि मी घर डोक्यावर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ज्योत स्थिर. हे मला म्हणाले, मन शांत झालं की ज्योत शांत होते. आणि मी, सिस्टरांच्या हाताखाली विज्ञान शिकलेली बाई, हे वाक्य मराठी मंडळाच्या प्रत्येक हळदीकुंकवाला सांगत आले. आज हे असते तर त्यांचं काही खरं नव्हतं.

हसून झालं असेल तर पुढचं वाच. त्या मुलीने विचारलं, इथे तुम्ही कधी जाळ केला होता का? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, बरं झालं, नळी पूर्ण बंद होती, सगळा धूर आणि विषारी वायू खोलीतच राहिला असता. दारं-खिडक्या लावलेल्या घरात माणसाला झोप लागते आणि मग जाग येत नाही.

जानेवारीत काडेपेटी समईशेजारी होती, सुलेखा. लाकडं मी गॅरेजच्या दारापर्यंत आणलीसुद्धा होती. फक्त देवांना हात लावायचा नव्हता म्हणून परत फिरले. श्रीरंगभाऊजी जन्मभर कुणाच्या उपयोगी पडले नाहीत, पण गेले मात्र अगदी वेळेवर.

नकुलला फोनवर सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. तर तो हळूच म्हणाला, आई, मीच तुला विचारत होतो ना, का नाही पेटवलीस म्हणून. मी म्हटलं, हो, तूच. पण शेगडी आता बसली आहे, स्विच बंद करायला ये.

अ. आ. माफी लेखी हवी.
पद्मिनीवहिनी


डब्लिन,
१ डिसेंबर

ती. आईस,
सा. न.

मराठीत लिहितोय. मिस्टेक्स लाल पेनने करेक्ट करून परत पाठवू नकोस.

खरं सांगू? मेन स्विच बंद केला तेव्हा मला वाटलं होतं तू एका तासात हरशील. पण तासाभरात मी स्वेटर काढला. मग तू कठड्यावर आल्याचा चहा केलास आणि मी सोफ्यावर टीशर्टमध्ये झोपून गेलो. उठलो तर तू मला बघत होतीस, विनर लोक बघतात तशी.

घर विकायला नेमलेल्या रिअल्टरला कॅन्सल केलं. बेसमेंटमध्ये आता ट्रेडमिल ठेवतो. माझ्या दोनच अटी. विषारी गॅसचे जे अलार्म लावलेत त्यांच्या बॅटऱ्या काढायच्या नाहीत, आणि दरवर्षी धुरांडं साफ करायचं. सुतकाबद्दल मी आता कधीच काही बोलणार नाही.

बाबा असते तर मी त्यांच्यावर खूप ओरडलो असतो. मग हसलो असतो.

तुझा,
नकुल


श्रूजबरी,
१० डिसेंबर

चि. सौ. सुलेखा हिस,
वहिनीचे अ. आ., या खेपेला मनापासून.

तुझी माफी पोचली, सोबतच्या चकल्याही पोचल्या. माफी जरा मऊ होती, चकल्या कुरकुरीत. दोन्ही ठेवून घेतल्या.

घरात ऊब आहे. बाहेर कमरेइतका बर्फ पडला आहे आणि मी बिनबाह्यांच्या स्वेटरमध्ये तुला लिहिते आहे. जानेवारीपासून छातीवर काहीतरी बसलं होतं, ते उठून गेलं. घर सोडावं लागेल याचीच भीती होती ती, हे मी नकुलला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

गोधडी तीनदा हाताने धुतली. काजळीचा वास पूर्ण जात नाही, पण टाका एकही उसवलेला नाही. तुझ्या इथल्या पलंगावर घालून ठेवली आहे. संक्रांतीला ये आणि घेऊन जा, किंवा इथेच पांघरून राहा.

देवांसाठी नकुलने खिडकीशेजारी फळी ठोकून दिली. तिथे फटीतून वारा येतो आणि समई सारखी फडफडते. पहिल्या दिवशी मी सवयीने आवाज चढवला. मग लगेच गप्प बसले. या घरात आपण ओरडलो की कुणीतरी प्रेमाने कुठेतरी काहीतरी कोंबून ठेवतं. फडफडू दे.

वाट पाहते, चहा कठड्यावर आहे.
तुझी,
पद्मिनीवहिनी