घशाखाली न उतरलेल्या बिअरचा खुलासा

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्याने आठांपैकी सहाच अंगांचा पोचेल, उरलेली दोन मनाने टेकवली आहेत असं धर.) तुझी नवी कवळी बसली का? मागच्या खेपेला तू लिहिलं होतंस की ती लावली की तुला बोलता येत नाही आणि काढली की लोकांना कळत नाही. घरातल्यांची मजा चालली असेल. रक्तदाब काय म्हणतो? पुढचं वाचण्याआधी गोळी घे. घेतलीस? बरं, आता बैस.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, तीन शब्द: 'खरं आहे का?' खाली सही आणि सहीखाली दोन रेघा. त्या दोन रेघा पाहून मला शाळेतली तुझी छडी आठवली आणि मी उगाचच उभा राहिलो. आपल्या चुलतभावाने (देवाने त्याला डोळे दोनच दिले, पण जीभ तीन माणसांची दिली) तुला कळवलं म्हणे की मी एका आठवड्यात तीन बारमध्ये दिसलो, हातात पांढरा मग होता आणि मी गुळण्या करत होतो. अक्का, खरं आहे. तिन्ही ठिकाणी मीच होतो. गुळण्या मात्र दोनच ठिकाणी केल्या, तिसरीकडे मालकाने हात जोडले. पण तुझी शपथ मोडलेली नाही, आणि ती कशी मोडली नाही हे सांगायलाच हा प्रपंच.

शपथ तुला आठवत असेलच. मी सतरा वर्षांचा. काकांनी पिऊन शिंप्याच्या दुकानात शिरून काचेतल्या पुतळ्याला काकू समजून माफी मागितली होती आणि पुतळा काही बोलेना म्हणून तिथंच बसून हुंदके देत होते, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तू माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतलास आणि वदवून घेतलंस: दारूचा थेंबसुद्धा घशाखाली उतरू देणार नाही. पंचेचाळीस वर्षं उतरू दिला नाही. ऑफिसातल्या निरोपाच्या पार्ट्यांना मी शेंगदाण्यांवर दिवस काढले. आता तूच नीट बघ, 'घशाखाली' असं तू म्हणाली होतीस. तोंडाबद्दल काहीच ठरलं नव्हतं. (हे वकिली वाटेल. असू दे.)

आता मुद्दा. आमची बारकी (चौतीस वर्षांची झाली तरी आमच्या घरात बारकीच) विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडून बिअर बनवायला लागली, हे तुला माहीत आहे. मी तेव्हा काय बोललो तेही माहीत आहे, कारण मी ते इतक्या मोठ्याने बोललो होतो की तुला पत्राची गरज पडली नसेल. जुन्या लाँड्रीच्या जागेत तिने पिंपं मांडली, स्वतःच्या हाताने फरशी घासली, आणि मी दोन वर्षं त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. ती घरी यायची. आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारायचो. तिच्या ब्रुअरीचा विषय निघाला की मी वर्तमानपत्र उलगडायचो, मग ते उलटं का असेना.

पाच महिन्यांपूर्वी तिची बिअर परत यायला लागली. पहिलं दीड वर्ष लोक मागून मागून पीत होते, आणि अचानक जो तो म्हणायला लागला की हिला दवाखान्याची चव येते. बारा बारवाल्यांपैकी नऊ जणांनी पिंपं परत पाठवली. पोरीने जव बदलले, ती कडू फुलं घालतात ती बदलली, यीस्ट बदललं, पिंपं इतक्यांदा घासली की पत्रा पातळ व्हायची वेळ आली. चव जाईना. मग ठरलं की छोट्या स्वतंत्र ब्रुअऱ्यांचा वर्षाचा चव-मेळावा आहे, तिथं शेवटचा प्रयत्न करायचा. तिथंही लोकांनी तोंड वाकडं केलं तर पिंपं विकून एक तारखेला परत विम्याच्या टेबलाशी. हे मला तिने सांगितलं नाही. आमच्या हिने सांगितलं, आणि वर ऐकवलं की तुम्ही एकतीस वर्षं गावाच्या पाण्याचा वास घेत बसलात, पोरीच्या बिअरचा एकदा घेता आला नाही? अक्का, मी त्या दिवशी जेवताना मान वर केली नाही.

पण वास घ्यायचा तर अक्कल हवी. मला बिअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून ठरवलं, शिकायचं. सायकलच्या दुकानावर एक खोली आहे, तिथं एक दाढीवाले गृहस्थ दर मंगळवारी दुपारी छोट्या ब्रुअऱ्यांच्या बिअरची चव घ्यायला शिकवतात. सहा मंगळवार. मी पहिल्या बाकावर बसलो. बरोबर प्रयोगशाळेतला झाकणाचा एनॅमलचा मग (निवृत्तीच्या वेळी तेवढाच घरी आणला होता) आणि माझी नोंदवही. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, मगात थुंकायचा आणि झाकण लावायचं. दाढीवाले म्हणाले, काका, बिअर थुंकत नाहीत, तिचा कडवटपणा घशाशी कळतो, गिळावीच लागते. आली का पंचाईत! तेव्हा मी तोडगा काढला की घशापर्यंत न्यायची आणि तिथून माघारी फिरवायची, म्हणजेच गुळणी. अक्का, कुणालाही सल्ला देतो, फेसाळ पदार्थाची गुळणी करू नये. पहिल्या गुळणीला बिअर नाकातून आली, दुसरीला समोरच्या खुर्चीवर गेली, आणि समोरच्या खुर्चीवर दाढीवाले बसले होते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत हात बसला. म्हणजे घसा.

नोंदी मी आपल्या पद्धतीने ठेवत होतो. रंग, गढूळपणा, वास, गाळ, आणि शेवटी शेरा. आमच्या पाणीखात्यात शेरे दोनच: पिण्यास योग्य किंवा पिण्यास अयोग्य. एकतीस वर्षं मला तिसऱ्याची गरज पडली नाही. बाकीचे विद्यार्थी लिहायचे की हिच्यात संत्र्याची साल आहे, हिच्यात भाजलेला पाव आहे, एका बाईंना तर आजोळचं माजघर लागलं. मी लिहिलं, 'गढूळ. गाळ स्पष्ट. उकळून घ्यावे.' ती म्हणे गव्हाची बिअर होती आणि गढूळपणा हीच तिची थोरवी होती. काळ्या बिअरला मी लिहिलं, 'नळ आतून गंजला आहे, ताबडतोब बदलावा.' ती दाढीवाल्यांनी स्वतः बनवली होती. चाळीस नमुने तपासले, चाळीसही अयोग्य. चवदार निघालं ते एकच, दोन बिअरच्या मध्ये तोंड धुवायला ठेवलेलं पाणी. त्यालाही मी शेरा दिला: 'योग्य, मात्र क्लोरीनची मात्रा हल्ली वाढवलेली दिसते.' दाढीवाले म्हणाले, पाण्याबद्दल तुम्हाला कुणी विचारलंय का? वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून माझं नाव पाणीवाले काका पडलं. पडू दे. मी हटलो नाही. घरचा अभ्यास म्हणून बारमध्ये जाऊन सराव केला, तोच आपल्या बंधुराजांनी पाहिला. (तो स्वतः तिथं काय करत होता, हे त्याला विचार.)

सहाव्या मंगळवारी परीक्षा होती. सात पेले, कुणाची बिअर ते लिहिलेलं नाही. पाचवा पेला नाकाशी नेला आणि अक्का, माझे केस उभे राहिले. मलमपट्टीचा वास, लोक म्हणत होते तोच दवाखाना. दाढीवाले सांगत होते की हा घाणेरड्या पिंपांचा वास आहे, असल्या ब्रुअरीने कुलूपच लावावं. मला काय झालं कुणास ठाऊक, मी ताडकन उभा राहिलो (गुडघ्याने त्या दिवशी लाज राखली) आणि म्हणालो, ही माझ्या मुलीची बिअर आहे, आणि जी पोरगी लहानपणी बाहुलीला दिवसातून तीनदा आंघोळ घालायची तिची पिंपं घाण नसतात. आणि बोलता बोलताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा वास मला ओळखीचा होता. वीस वर्षांपूर्वी पाण्यात क्लोरीन वाढवलं तेव्हा लोक तक्रार घेऊन आले होते की चहाला औषधाची चव येते. पाण्यातलं क्लोरीन आणि धान्यापानांतलं काहीतरी एकत्र आलं की हा वास तयार होतो. बादलीत चिमूटभरसुद्धा लागत नाही. मी परीक्षा अर्धी टाकून, माझा मग काखेत मारून, घरून जुनी तपासणीची पेटी उचलून तडक लाँड्रीच्या गल्लीत गेलो.

दार बारकीने उघडलं. पायात गमबूट, हातात ब्रश, डोळे सुजलेले. दोन वर्षांनी बाप दारात आला तर माणसाने काही बोलावं की नाही? मी विचारलं, नळ कुठाय? तिने दाखवला. मी पेल्यात पाणी घेतलं, पेटीतल्या क्लोरीन तपासायच्या गोळीची पूड टाकली, आणि पाणी गुलाबी झालं. साधं गुलाबी नाही, लग्नाच्या साडीसारखं. क्लोरीनच क्लोरीन. आमच्या खात्याने सहा महिन्यांपूर्वी नवी नळवाहिनी टाकली आणि मात्रा वाढवली. मी म्हटलं, अगं, सगळं बदललंस, पाणी का नाही तपासलंस? त्यावर ती काय म्हणाली सांगू? म्हणाली, पाण्यावर कशाला संशय घेऊ, बाबा? तुम्हीच सांगायचात ना, आपल्या नळाचं पाणी डोळे मिटून प्यावं.

अक्का, मला तिथंच रडू आलं. जिच्या धंद्याचा मी दोन वर्षं उंबरा ओलांडला नाही, तिने माझ्या एका वाक्यावर सगळी पिंपं भरली होती. मी एकदा जरी आत डोकावलो असतो तर पहिल्याच दिवशी नाकाला कळलं असतं. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, आता आलात ना, मग तो ब्रश घ्या.

नळाला कोळशाचं जाड गाळणं बसवलं. पाणी त्यातून हळूहळू सोडायचं, घाई करायची नाही. गेले चार आठवडे मी रोज सकाळी आठला तिथं हजर असतो आणि दर तासाला पाणी तपासतो. पाणी आता एकदम पारदर्शक, गुलाबीचा मागमूस नाही. नवं पिंप तयार होतंय. या नाही, पुढच्या रविवारी मेळावा आहे. माझा नवा गमबूट डाव्या पायाला चावतो, पण तक्रार नाही. मेळाव्यात काय व्हायचं ते होवो, हात टेकायचे नाहीत असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे.

तुझा आज्ञाधारक (घशापुरता तरी) धाकटा भाऊ,
पाणीवाला

ता. क. – चुलतभावाला मी काही बोललो नाही. पण तिसऱ्या बारमध्ये त्याला सगळे नावाने हाक मारत होते, एवढं तुझ्या माहितीसाठी.

ता. क. २ – खरं तर पत्र याचसाठी लिहायला घेतलं होतं. रविवारी सकाळी पिंप उघडल्यावर पहिला पेला बारकी मला देणार आहे. चाळीस जणांच्या बिअर मी थुंकलो. पोरीची बिअर तिच्या तोंडासमोर मगात थुंकायची, हे माझ्याने होणार नाही. शपथ तू घातलीस, तूच सोडव. एका कार्डावर 'सोडलं' एवढंच लिही. खाली रेघ एकच मार.

ता. क. ३ – वन्सं, नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. रविवारचं खरं नाही. बारकीने काल, गुरुवारीच पिंपातून नमुना काढला. ह्यांनी पेला तोंडाला लावला, मग मगाचं झाकण उघडलं, पोरीच्या तोंडाकडे बघितलं आणि झाकण परत लावलं. सगळा पेला रिकामा केला. वर म्हणाले, नमुना अपुरा आहे, आणखी एक दे. नंतर नोंदवहीत काय लिहिलं ते मी बघितलं: 'पिण्यास योग्य.' तेव्हा कार्ड नक्की पाठवा, फक्त तारीख बुधवारची घाला.