मंजूचं लगन दारातच अडकलं

वडनेर भोलजी,
बुधवार

चि. धम्मरत्न यास,
भाऊरावमामाचा जयभीम. तुह्या मायचा बीपी, तुही नोकरी अन् पुण्यातली तुही खोली, सारं बरं असंल असं धरून चालतो. इकडचं विचारू नको. फोनवर तुहा आवाज तुटते म्हणून कागदावर लिहून राह्यलो. कागद अडकत नाही.

मंजुश्रीचं लगन जर्मनीत, अन् तुह्या मामीच्या छातीपायी डॉक्टरनं विमानाले नाही म्हटलं, हे तुले ठाऊकच हाय. लेक पांढऱ्या साडीत कशी दिसते एवढं तिले पाहाचं होतं, अन् लगनाची गाथा म्हणून झाली की आपल्या हातानं फुलं टाकाची होती. म्हणून तू घरी वायफाय बसवून देल्लं. शंभराचा स्पीड म्हणे. (एवढ्या स्पीडनं आपली नांदुऱ्याची एसटी गेली असती तर मी कंडक्टर म्हणून रिटायर न होता भिंतीवर फोटोत असतो.)

लगनाले सारी वस्ती आली. लगनघरी आलेल्या मानसाले पाण्याले नाही म्हणता येते काय? तसंच पासवर्डचं. मी तो खडूनं दारावर लिहून देल्ला. टीव्हीसमोर जागा पुरेना म्हणून आंगनातले लोक आपापल्या मोबाईलवर तेच लगन लावून बसले, अन् पोट्टे मधातच भलतंसलतं पाहून राह्यले होते. तू मागं सांगतलं होतं, पाईप एकच अन् नळ साऱ्यायचे, पाणी वाटल्या जाते. मले ते पटलंही होतं, पण लगनाच्या घाईत आठवते कोणाले.

मंजू दारातून आली अन् तिचे चौकोन झाले. तोंड कोणतं, हार कोणता, काही समजेना. (लाईन बारीक झाली की चित्र बंद पडू नये म्हणून ते आपणहून मळकं होते, असं तू म्हणतं. मी हे मामीले समजावून पाह्यलं. तिनं मह्याकडे नुसतं पाह्यलं.) मंग टीव्हीवर ते गोल चाक फिराले लागलं. पुढचं भरून ठेवते अन् मंग दाखवते म्हणे, पण जे अजून झालंच नाही ते भरून कुठून ठेवील? इकडं आंगनातले मोबाईल एकमेकाच्या मागंपुढं. शेजारच्या छायाच्या मोबाईलवर गाथा संपली, तिनं फुलं टाकली. तुळशीरामच्या मोबाईलवर लगन तिच्या मागून लागलं. ज्याचं त्याचं लगन लागलं तसं आंगनात पाच-सहा वेळा साधू साधू झालं. घरात टीव्हीवर पोरगी अजून दारातच, एक पाय उचललेला, डोळे अर्धे मिटलेले. मामी फुलं मुठीत धरून बसलेली. टीव्ही पुन्हा चालू झाला तेव्हा तिकडं लोक जेवून राह्यले होते. (जेवण मात्र साफ दिसलं, एकूण एक वाटी.) वस्तीतले लोक लगन चांगलं झालं म्हणत घरी गेले. मामी रडली नाही, तेच मले जास्त लागलं.

तुहा मामा,
भाऊराव

ता.क. मंजूनं मागून रेकॉर्डिंग धाडलं. ते कुठंच अडकत नाही. पण मामी म्हणते, होऊन गेलेल्या लगनावर फुलं टाकत नसतात. ती फुलं अजून रुमालात बांधून फडताळात हायेत, वाळून गेली. तेव्हा मंजूले अन् जावयाले सांग, येत्या रविवारी तेच कपडे घालून कॅमेऱ्यासमोर जरासे उभे राहा. मामानं सांगतलं असं म्हणू नको.

ता.क. दुसरा. रविवारी वायफाय आमच्या दोघायपुरतंच राहावं म्हणून मी पासवर्ड बदलून ठेवला होता. मामीनं नवा पासवर्ड साऱ्या वस्तीले सांगून टाकला. लेकीले आशीर्वाद द्याले लोकायले नाही कसं म्हणावं, म्हणते. म्हणून त्या दोघायले एवढंच सांगजो, अजिबात न हालता उभे राहा. म्हणजे अडकलं तरी मामीले समजणार नाही.